तापाचा निरोप

ठाण्यात कापूरबावडीहून ढोकाळी ओलांडून कोलशेतकडे निघाले, की आता दोन्ही बाजूंना उंच इमारतीच दिसतात. एके काळी हा रस्ता कारखान्यांचा होता. त्यांतले बरेच गेले, पण एक नाव पत्त्यांमध्ये अजून टिकून आहे : सँडोझबाग. सँडोझ ही स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातली कंपनी. १८८६ साली ती सुरू झाली ती रंग बनवण्यासाठी, आणि कोलशेतचा तिचा कारखानाही रंग-रसायनांचाच होता. १९९५मध्ये कंपनीने रसायनांचा व्यवसाय वेगळा काढला, त्याचे नाव क्लॅरियंट पडले. पुढच्या वर्षी उरलेल्या सँडोझने सीबा-गायगीशी हातमिळवणी केली आणि त्यातून नोव्हार्टिस उभी राहिली.

मी कोलशेतला राहतो. त्या नावाची पाटी दिसली की मला रक्त आठवते, आणि त्याला कारण आहे. रक्ताचा कर्करोग माणसाला डोळ्यांनी दिसला तो रंगांमुळे. आणि रंगांच्या याच कंपनीने शंभर वर्षांनंतर रक्तपेशी वाढवणारे एक प्रथिन औषध म्हणून बाजारात आणले. त्या प्रथिनाचे नाव जीएम-सीएसएफ. हे प्रकरण त्याच्याविषयी आहे, आणि ते तयार करण्याचा हुकूम देणाऱ्या दुसऱ्या काही प्रथिनांविषयी.

आधी रंगांचे सांगतो. बर्लिनच्या रुडॉल्फ फिरखो यांनी १८४५मध्ये एका मृत रुग्णाच्या रक्तात पांढऱ्या पेशींची रेलचेल पाहिली आणि दोन वर्षांनी या आजाराला ल्युकेमिया, म्हणजे पांढरे रक्त, असे नाव दिले. पण त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसले ते फिकट, एकसारखे ठिपके. पॉल एर्लिख या तरुण डॉक्टरने १८७०च्या दशकात कापडाचे नवे कृत्रिम रंग रक्तावर वापरून पाहिले आणि ते ठिपके एकमेकांपासून वेगळे झाले. कुणी गुलाबी रंग धरला, कुणी निळा, कुणी दोन्ही. न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, बेसोफिल ही आपल्या सीबीसीच्या कागदावरची नावे या रंग धरण्याच्या सवयीवरूनच पडली आहेत.

आपल्याकडच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आजही लीशमनचा रंग वापरतात. रक्ताचा एक थेंब काचपट्टीच्या टोकाजवळ ठेवायचा, दुसऱ्या काचेच्या कडेने तो हलकेच पुढे ओढायचा, की जिभेच्या आकाराचा पातळ थर पसरतो. तो वाळला की त्यावर रंग ओतायचा, दोन मिनिटांनी पाणी मिसळायचे, थोडे थांबून धुवायचे. काच हातात धरली तर नुसता जांभळट-गुलाबी डाग दिसतो. पण शंभरच्या भिंगाखाली ठेवली की निरोगी रक्तात लाल पेशींच्या गर्दीत मधूनच एखादी पांढरी पेशी लागते, तिच्या केंद्रकाचे तीन-चार तुकडे दोऱ्याने जोडल्यासारखे असतात. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या काचेवर मात्र एकामागून एक मोठ्या, गोल, अपक्व पेशी येत राहतात. केंद्रक जवळजवळ सगळी पेशी व्यापून बसलेले, त्यात एक-दोन फिकट गोल, आणि कडेला निळ्या रंगाची बारीक किनार. कधी त्या किनारीत लालसर सुईसारखी एक काडी दिसते. ती काडी दिसली की पॅथॉलॉजिस्ट पुढच्या तपासण्यांची वाट न पाहता फोन उचलतो. या पेशींना ब्लास्ट म्हणतात.

घरच्या माणसांना सांगितले जाते, "काउंट वाढलेत." निरोगी माणसात एका मायक्रोलिटर रक्तात साधारण चार ते अकरा हजार पांढऱ्या पेशी असतात, ल्युकेमियात हा आकडा लाखावर जाऊ शकतो. पण वाढ हा शब्द इथे नीट समजून घ्यावा लागतो. आपली अस्थिमज्जा रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करते. इतके उत्पादन निरोगी शरीरातही चालू असतेच. ते ठरावीक मापात राहते, कारण मज्जेतल्या पेशी आपल्या मनाने वाढत नाहीत. त्यांना बाहेरून निरोप यावा लागतो. ल्युकेमियाच्या पेशीला हा निरोप कोण देतो?

या प्रश्नाचे उत्तर मेलबर्नमध्ये शोधायला सुरुवात झाली. १९६०च्या दशकाच्या मध्यावर रे ब्रॅडली उंदरांच्या पेशी आगरमध्ये वाढवण्याच्या खटपटीत होते. आगर म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेली, चायना ग्रास म्हणून आपल्या खरवसासारख्या वड्यांत घालतात तीच जेली. त्या मऊ जेलीत पेशी जागच्या हलत नाहीत, त्यामुळे एखादी पेशी विभागू लागली तर तिची पिलावळ तिथेच जमते. सात दिवसांनी बशी भिंगाखाली धरली तर आगरात बारीक पांढरे पुंजके तरंगताना दिसत. प्रत्येक पुंजका एका पेशीचा वंश. १९६६मध्ये ब्रॅडली आणि डोनाल्ड मेटकाफ यांनी हे प्रसिद्ध केले. इस्रायलमध्ये लिओ साक्स यांचा गटही त्याच सुमारास याच वाटेवर पोहोचला होता. दोघांच्या लक्षात आलेली खरी गोष्ट ही होती, की मज्जेतल्या पेशी आगरात नुसत्या ठेवल्या तर मरतात. शेजारी दुसऱ्या काही पेशी असल्या, किंवा त्यांनी सोडलेले पाणी असले, तरच पुंजके उगवतात. त्या पाण्यात काहीतरी होते.

ते काहीतरी इतके थोडे होते की शुद्ध करायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. मेटकाफ यांच्या गटाने त्यासाठी उंदरांची फुप्फुसे वापरली, आणि फुप्फुसे काढण्याआधी त्या उंदरांना जिवाणूंच्या आवरणातले विष टोचले, कारण तसे केले की फुप्फुसातून त्या पदार्थाचा पाझर वाढे. या तपशिलाकडे मला पुन्हा यायचे आहे. १९७७मध्ये जीएम-सीएसएफ शुद्ध स्वरूपात हाती आले, १९८४मध्ये उंदराचे आणि १९८५मध्ये माणसाचे जनुक सापडले. मग जिवाणूंकडून हवे तेवढे प्रथिन बनवून घेता येऊ लागले. सँडोझने शेरिंग-प्लाउ कंपनीसोबत ते ल्युकोमॅक्स या नावाने विकले. केमोथेरपीने रिकामी झालेली मज्जा लवकर भरून यावी, हा त्याचा उपयोग.

मज्जेत वाढणाऱ्या पेशीला जीएम-सीएसएफ लागते, पण ती स्वतः ते बनवत नाही, ही यातली कळीची गोष्ट आहे. बनवतात टी पेशी, रक्तवाहिन्यांचे अस्तर, जोडऊतीतल्या पेशी, आणि तेही संसर्ग झाला की. निरोगी माणसाच्या रक्तात ते जवळजवळ सापडतच नाही. वाढवणारा वेगळा आणि वाढणारा वेगळा, ही सगळ्या व्यवस्थेची चौकट आहे. ल्युकेमियाच्या पेशी आगरात ठेवल्या तेव्हा असे दिसले, की बहुतेक रुग्णांच्या पेशींची ही भूक शाबूत होती. कर्करोग झाला म्हणून त्या स्वावलंबी झाल्या नव्हत्या. त्यांनाही निरोप लागत होता.

थोडे आडवाटेला जातो, कारण ही आडवाट परळवरून जाते. ल्युकेमियाला काहीतरी पुरवले तर तो भडकतो, हे वैद्यकाला पहिल्यांदा वेगळ्याच पदार्थामुळे कळले, आणि त्या पदार्थाचा माग मुंबईत लागला होता. १९२८मध्ये लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणारा जीवघेणा पंडुरोग हा त्यांचा विषय, आणि परळची हाफकिन संस्था हा त्यांच्या कामाचा आधार. लोह देऊन जो बरा होत नव्हता तो पंडुरोग यीस्टच्या अर्काने, मार्माइटने, बरा होतो हे त्यांनी दाखवले. १९३१मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. यीस्टमधला तो घटक म्हणजे फॉलिक अॅसिड. पुढे बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना फॉलिक अॅसिडच्या जातीचे पदार्थ दिले, तर आजार बरा होण्याऐवजी जोराने वाढू लागला असे त्यांना वाटले. मग त्यांनी उलटे केले. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली तयार झालेले, फॉलिक अॅसिडची वाट अडवणारे अमिनोप्टेरिन त्यांनी मुलांना दिले. १९४८मध्ये त्यांनी जाहीर केले, की काही मुलांचा आजार तात्पुरता का होईना, मागे हटला. हाफकिन संस्थेपासून टाटा हॉस्पिटल चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे आजही ल्युकेमियाच्या मुलांना दिले जाणारे मेथोट्रेक्सेट अमिनोप्टेरिनचेच भावंड आहे.

फॉलिक अॅसिड मात्र धान्यासारखे आहे. ते नसेल तर कुठलीच पेशी विभागू शकत नाही. जीएम-सीएसएफ धान्य नव्हे, ती पंगतीची हाक आहे. धान्याचे कोठार भरलेले असले तरी हाक आल्याशिवाय पेशी पानावर बसत नाही.

१९८५मध्ये मेलबर्नच्याच गटाने एक धाडसी प्रयोग केला. वाढघटकाशिवाय, म्हणजे वाढीची हाक देणाऱ्या प्रथिनाशिवाय, जगू न शकणाऱ्या उंदराच्या पेशींत त्यांनी जीएम-सीएसएफचे जनुक घातले. पेशी स्वतःच हाक देऊ लागल्या, स्वतःच ऐकू लागल्या, आणि उंदरात टोचल्यावर त्यांच्या गाठी झाल्या. पुढच्या वर्षी बोस्टनच्या डेना-फार्बर संस्थेत यंग आणि ग्रिफिन यांनी माणसांच्या तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशी तपासल्या. काही रुग्णांच्या ब्लास्ट पेशी खरोखरच जीएम-सीएसएफ स्रवत होत्या. वाढवणारा आणि वाढणारा एकच झाला होता.

तेव्हा अनेकांना वाटले, कोडे सुटले. पण सुटले नव्हते, आणि ते न सुटण्याची गोष्ट मला सुटण्याच्या गोष्टीइतकीच मोलाची वाटते. ज्या उंदरांच्या शरीरात जन्मापासून जादा जीएम-सीएसएफ तयार होईल अशी व्यवस्था केली, त्यांच्या डोळ्यांत आणि स्नायूंत मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, साचले, ते आंधळे झाले, पण त्यांना ल्युकेमिया झाला नाही. म्हणजे नुसती हाक पुरेशी नव्हती. पेशीच्या जनुकांत आधी दुसरी मोडतोड व्हावी लागते. आणि १९८८मध्ये प्रेयस्लर यांच्या गटाने त्याहून अडचणीची गोष्ट पुढे आणली. रुग्णाच्या रक्तातून ब्लास्ट वेगळे काढताना आपण त्यांना फिरवतो, धुतो, प्लास्टिकच्या बशीत ठेवतो. या हाताळणीनेच जीएम-सीएसएफचे जनुक जागे होते. शरीरात असताना गप्प असलेली पेशी प्रयोगशाळेत बोलू लागते.

मग तिला बोलायला लावते ते काय? इथे तापाचा प्रवेश होतो.

अंगात जंतू शिरले की ताप का येतो, याचा शोध विसाव्या शतकात बराच काळ चालला. जंतूंचे विष थेट मेंदूवर काम करत नाही. आपल्याच पांढऱ्या पेशी त्या विषाला उत्तर म्हणून एक प्रथिन सोडतात आणि ते मेंदूतला तापमानाचा काटा वर सरकवते. अमेरिकेत चार्ल्स डिनारेलो यांनी १९७७मध्ये ते माणसाच्या पेशींतून शुद्ध केले. त्याच सुमारास दुसरे लोक लिंफोसाइट पेशींना चेतवणाऱ्या एका प्रथिनाच्या मागे होते. अभ्यास पुढे गेला तेव्हा कळले, की ही दोन नावे एकाच गोष्टीची आहेत. १९७९मध्ये त्याचे इंटरल्युकिन-१ असे बारसे झाले. आपण आयएल-१ म्हणू. शरीराच्या किलोमागे काही नॅनोग्रॅम टोचले तरी माणसाला हुडहुडी भरून ताप येतो. आयएल-१, टीएनएफ, आयएल-६, इंटरफेरॉन अशा प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. प्रतिकारशक्तीची ही आपसातली भाषा आहे.

मेटकाफ यांच्या उंदरांना टोचलेले जिवाणूंचे विष आता आठवावे. विषाने तापाचा निरोप निघाला, तापाच्या निरोपाने जीएम-सीएसएफ पाझरले. निरोगी शरीरात ही साखळी फार उपयोगाची आहे. जंतू आले, ताप आला, आणि त्याच दमात मज्जेला सांगितले गेले की माणसे पाठवा. ताप आला असताना सीबीसी केली तर पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, हे ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना ठाऊक असते.

ल्युकेमियाची पेशी हीच भाषा ऐकते. तिची पाळेमुळे याच घरातली, त्यामुळे तिच्या अंगावर आयएल-१चा निरोप पकडणारे ग्राहक शाबूत असतात. १९८९मध्ये रॉटरडॅममध्ये रूड डेल्वेल, बॉब लोवेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या ब्लास्ट पेशींवर आयएल-१ सोडले. बऱ्याच रुग्णांच्या पेशी वाढू लागल्या. ही वाढ आयएल-१मुळे थेट होत होती, की मधे कुणी होते? त्यांनी बशीत जीएम-सीएसएफला पकडून निकामी करणारी प्रतिपिंडे घातली. आयएल-१ तसेच होते, पण वाढ दबली. म्हणजे आयएल-१ पेशीला 'वाढ' असे सांगतच नव्हते. ते सांगत होते, जीएम-सीएसएफ तयार कर. पेशी ते तयार करत होती आणि स्वतःच खात होती.

ग्रिफिन यांच्या गटाने या कथेला आणखी एक बाजू जोडली. काही ब्लास्ट पेशी स्वतः आयएल-१ सोडतात. ते शेजारच्या रक्तवाहिनीच्या अस्तरावर पडते, आणि ते निरोगी अस्तर, जंतू आले आहेत अशा समजुतीने, वाढघटक ओतू लागते. घरात आग लागली नसताना कुणी आगीची घंटा वाजवावी आणि सगळी गल्ली बादल्या घेऊन धावावी, तसे हे आहे. फक्त इथे बादलीत पाणी नसून रॉकेल असते.

या सगळ्याच्या आत, पेशीच्या पोटात, काय घडते ते थोडे जवळून पाहू. आयएल-१ पेशीच्या बाहेरच्या ग्राहकाला चिकटले की आत हातोहात निरोप जातो आणि शेवटी एनएफ-कप्पा-बी नावाचे प्रथिन मोकळे होते. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६मध्ये ते शोधले. एरवी दुसऱ्या एका प्रथिनाने त्याला जखडून ठेवलेले असते. निरोप आला की ते जखडणारे प्रथिन मोडून फेकले जाते आणि एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरून जीएम-सीएसएफचे जनुक चालू करते. जनुकाची एक नक्कल निघते, आरएनएची. त्या नकलेवरून प्रथिन विणले जाते.

पण खरी गंमत नकलेच्या शेपटीत आहे. जीएम-सीएसएफच्या आरएनएच्या टोकाला ए आणि यू या दोन अक्षरांची एक रांग असते, त्यात ए-यू-यू-यू-ए हा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. १९८६मध्ये ग्रे शॉ आणि रॉबर्ट कामेन यांनी ही ५१ अक्षरांची रांग कापून सशाच्या हिमोग्लोबिनच्या आरएनएला जोडली. हिमोग्लोबिनचा निरोप मुळात फार टिकाऊ असतो. ही शेपटी लागताच तो झपाट्याने नष्ट होऊ लागला. म्हणजे पेशीने जीएम-सीएसएफचा निरोप खडूने पाटीवर लिहावा तसा लिहिला आहे, आणि पुसायचा ओला बोळा त्या पाटीलाच बांधून ठेवला आहे. वाढीचा निरोप फार वेळ भिंतीवर राहिला तर काय होईल, हे शरीराला पक्के ठाऊक असल्यासारखी ही रचना आहे. मला जीवशास्त्रात फार थोड्या गोष्टी इतक्या देखण्या वाटतात.

आयएल-१ आणि टीएनएफ दोन कामे करतात. ते जनुक जोराने चालू करतात, आणि ओला बोळाही थोपवून धरतात. निरोगी पेशींत हे काही तासांपुरते होते. तापाचे प्रथिन ओसरले की पाटी पुन्हा कोरी. ल्युकेमियाच्या पेशीत निरोप देणारी आणि घेणारी एकच असल्यामुळे घंटा थांबतच नाही. अनेक रुग्णांच्या ब्लास्ट पेशींत एनएफ-कप्पा-बी कायम मोकळे सापडते.

अर्थात प्रतिकारशक्तीच्या भाषेत फक्त 'वाढवा' एवढाच शब्द नाही. आयएल-४ आणि आयएल-१० ही सायटोकाइन ब्लास्ट पेशींवर सोडली, तर अनेक रुग्णांच्या पेशींतून पाझरणारे आयएल-१ आणि जीएम-सीएसएफ कमी होते. शरीर स्वतःच आयएल-१चा एक तोतयाही बनवते, तो ग्राहकावर जाऊन बसतो आणि काहीच सांगत नाही. त्याची जागा मात्र अडते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाच्या पेशींवर हा तोतया वापरला तेव्हा आगरातले पुंजके कमी उगवले. त्या आजारावर तेव्हा इंटरफेरॉन-अल्फाची इंजेक्शने देत. ह्यूस्टनमध्ये मोशे टालपाझ आणि सहकाऱ्यांनी ही वाट मळली होती. काही रुग्णांच्या मज्जेतून या आजाराची खूण असलेला बिघडलेला फिलाडेल्फिया क्रोमोसोमच दिसेनासा झाला होता, पण इंटरफेरॉन ते कसे करते हे नीट उलगडत नव्हते. पुढे मज्जेच्या आधारपेशींवरच्या अभ्यासात त्याचा एक धागा सापडला : इंटरफेरॉन-अल्फा त्या पेशींतून येणारे जीएम-सीएसएफ आणि आयएल-१ कमी करते आणि आयएल-१चा तोतया वाढवते. म्हणजे ते हाकही दाबते आणि हाक देणाऱ्याचे तोंडही.

ज्यांनी ती इंजेक्शने घेतली ते लोक त्या दिवसांतल्या थंडीतापाची, अंगदुखीची आठवण सांगतात. मग २००१मध्ये इमॅटिनिब आले, रोज घ्यायची गोळी, आणि इंटरफेरॉन मागे पडले. ती गोळी नोव्हार्टिसची. पाटीवर सँडोझ हे नाव वाचताना मला तीही आठवते.

तीव्र मायलॉइड ल्युकेमियाला अशी एक गोळी मिळालेली नाही, कारण तो एक आजार नाही. प्रत्येक रुग्णाच्या पेशींतली मोडतोड वेगळी. लहान मुलांच्या एका दुर्मीळ ल्युकेमियात तर पेशी जास्त जीएम-सीएसएफ बनवतात असेही नाही. त्यांचे कान इतके तिखट झालेले असतात, की एरवी कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू हाकेलाही त्या उठतात. म्हणून १९८०च्या दशकातले प्रयोग काही काळ बाजूला पडले. वैज्ञानिकांचे लक्ष जनुकांच्या बिघाडाकडे गेले, तेही योग्यच होते. पण २०१७मध्ये ओरेगनच्या पोर्टलंडमधून एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. अनुप्रिया अगरवाल आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या पेशींवर ९४ सायटोकाइन एकेक करून तपासली. सुमारे ६७ टक्के रुग्णांच्या पेशींना ज्या एका प्रथिनाने जोराने वाढवले, ते आयएल-१ होते. आणि त्याच आयएल-१ने निरोगी मज्जापेशींची वाढ मात्र दाबली. तापाचे प्रथिन एकाच वेळी तण पोसत होते आणि पीक मारत होते.

रुग्णाच्या नातेवाइकांना पडणारा एक प्रश्न इथे घ्यायला हवा. केमोनंतर काउंट खाली गेले की डॉक्टर जी-सीएसएफची इंजेक्शने देतात, पोटावर किंवा दंडात. तीही जीएम-सीएसएफसारख्याच एका वाढघटकाची. मग ती ल्युकेमियाला खतपाणी घालत नाहीत का? हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता, म्हणून तो मोठ्या चाचण्यांत तपासला गेला. केमोनंतर योग्य वेळी दिलेल्या जी-सीएसएफमुळे आजार उलटण्याचे प्रमाण वाढत नाही, असे त्यांत दिसले. लोवेनबर्ग यांनी तर २००३मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ते केमोच्या सोबतच दिले, मुद्दाम, झोपलेल्या ब्लास्ट पेशी जाग्या होऊन औषधाच्या तावडीत याव्यात म्हणून, आणि काही गटांतल्या रुग्णांना त्याचा लाभ झाला. वाढघटक आणि ल्युकेमिया हे नाते सरळ रेषेत जात नाही. कोणती पेशी, कोणत्या वेळी, शेजारी आणखी कोण आहे, यावर सगळे ठरते.

हीच प्रथिने ल्युकेमियाच्या एका नव्या उपचारातही भेटतात. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची पनवेल लोकल पकडली की खारघर लागते. तिथे टाटा मेमोरियलचे अॅक्ट्रेक हे केंद्र आहे. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत घडवलेली आणि इथे टाटाच्या डॉक्टरांनी रुग्णांवर तपासलेली नेक्सकार-१९ ही भारतातली पहिली कार-टी उपचारपद्धती. ऑक्टोबर २०२३मध्ये तिला परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत तिचे लोकार्पण झाले. हा उपचार वेगळ्या, बी पेशींच्या ल्युकेमिया आणि लिंफोमासाठी आहे. रुग्णाच्याच टी पेशी काढायच्या, त्यांत एक नवे जनुक घालायचे, की त्या कर्करोगाच्या पेशी ओळखू लागतात, आणि पुन्हा शिरेतून सोडायच्या. रक्ताच्या पिशवीपेक्षा लहान अशी ती पिशवी काही मिनिटांत रिकामी होते.

नंतर सगळे डोळे तापाकडे लागतात. टी पेशी कामाला लागल्या की सायटोकाइनचा लोंढा सुटतो, रक्तदाब कोसळू शकतो, श्वास लागू शकतो. फिलाडेल्फियात २०१२मध्ये एमिली व्हाइटहेड ही मुलगी याच वादळातून वाचली ती आयएल-६ची वाट अडवणाऱ्या टोसिलिझुमॅबमुळे. ते संधिवाताचे औषध. तिच्यावर उपचार करणाऱ्या गटातले कार्ल जून यांना ते ठाऊक होते, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला बालसंधिवात होता. पुढे २०१८मध्ये दोन गटांनी उंदरांवर दाखवले, की या लोंढ्यात टी पेशींइतकाच हात मॅक्रोफेजचा असतो, आणि आयएल-१ तिथेही पुढाऱ्यांत आहे. आयएल-१चा तोतया दिला तर उंदीर वाचतात. जीएम-सीएसएफ अडवले तरी वादळ सौम्य होते, हेही प्रयोगांत दिसले आहे. तीच दोन प्रथिने, तीच साखळी, पण इथे ती ल्युकेमियाला मारणाऱ्या पेशींच्या मागे उभी असते.

म्हणून कार-टीच्या वॉर्डात रात्री दोन वाजता थर्मामीटर १०१ दाखवतो तेव्हा नर्स लगेच डॉक्टरांना उठवते. हा ताप नव्या पेशी कामाला लागल्याचा असेल, किंवा पांढऱ्या पेशी नसलेल्या शरीरात जंतू शिरल्याचा. अंगाला हात लावून ते कळत नाही. दोन्हीकडून निरोप त्याच प्रथिनांत येतो. दोन्ही दंडांतून रक्त काढून कल्चरच्या बाटल्या भरतात, अँटिबायोटिक ताबडतोब सुरू होते, टोसिलिझुमॅब हाताशी काढून ठेवलेले असते. कल्चरचे उत्तर यायला दोन दिवस लागतात. तोवर दर तासाला तक्त्यावर तापाचा एक नवा ठिपका पडतो, आणि बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक घरी फोन करून तो आकडा सांगतात.